सीमाभागातून सांगलीला शिकायला: दाखले, खोली आणि नाटकाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाची यंदा पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्स झाली. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमाभागातल्या गावांच्या यादीतलं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी सीमाभागातला उमेदवार म्हणून त्याला अर्ज करता येतो. सीईटी दिलीय, सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागावा अशी फार इच्छा आहे. गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन्ही दाखले सध्या जमवतोय. अलीकडे या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगा, दाखल्यांवर कुणाची सही-शिक्का चालला? कर्नाटकातली कागदपत्रं कन्नडमध्ये आहेत, ती तशीच घेतात की भाषांतर करून मागतात?

दुसरा प्रश्न खोलीचा, आणि आईचा जीव त्यातच अडकलाय. ओळखीतून गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, एक खोली मिळतेय. भाडं परवडणारं, कृष्णेचा घाट आणि गणपती मंदिर जवळ. पण फोटोत जिन्याच्या भिंतीवर, खिडकीच्याही वर, पुराच्या पाण्याची मातकट रेघ स्पष्ट दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आम्हीही मलप्रभेकाठचेच, नदी चढते म्हणजे काय ते आईला कुणी सांगायला नको. कॉलेज विश्रामबागेत, तर खोलीही तिकडेच घ्यावी असं मला वाटतं. तिथे मुलांना परवडेल असं काय मिळतं? गावभागात राहिलेली मुलं पावसाळ्यात सामान कुठे हलवतात?

मेसचंही सांगा. आम्ही भातावर वाढलेली माणसं, दोन्ही वेळा पोटभर भात मिळेल अशी मेस हवी. सुट्टीला यायचं तर मिरजेहून बेळगावला रेल्वे आहे, ती काळजी नाही.

आता त्याच्या मनातलं. सुगीनंतर भाताच्या रिकाम्या शेतात आमच्याकडे नाटकं होतात, त्यात तो लहानपणापासून काम करतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये जिथे मराठी नाटक उभं केलं, त्या गावात जायचं म्हणून पोरगा हरखून गेलाय. अभ्यास सांभाळून त्याने नाटकही करावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना एकांकिकेत घेतात का? तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात? बेळगावकडच्या बोलीमुळे कुणाला मागे ठेवलंय असं झालंय का? तसं असेल तर मोकळेपणाने लिहा, म्हणजे त्याला आधीच तयार करते.

खोलीचा होकार याच आठवड्यात कळवायचाय, तेव्हा गावभाग की विश्रामबाग एवढं तरी आधी सांगा.