चंद्राप्रमाणे पृथ्वीचीही एकच बाजू चंद्रासमोर राहील का?

प्रश्न (सोलापूर):
गच्चीवर लहान दुर्बिणीतून चंद्र पाहताना नववीतल्या पुतणीने विचारले, की चंद्र सदैव एकच बाजू दाखवतो म्हणजे तो स्वतःभोवती फिरतच नाही का, आणि पुढे पृथ्वीचेही तसेच होईल का? मी तिला समईकडे तोंड ठेवून समईभोवती चालायला लावले. एका फेरीत तिचे तोंड खोलीच्या चारही भिंतींकडे वळून आले, आणि चंद्र फिरतो हे तिला पटले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. भरती-ओहोटीने दिवस मोठा होतो हे खरे आहे का?

उत्तर १:
होय. पृथ्वी वेगाने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे जातो. चंद्र त्याला मागे ओढतो, त्यामुळे पृथ्वी मंदावते आणि तिने गमावलेला कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे परिमाण) मिळून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर सरकतो. अपोलो मोहिमांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे मोजले जाते. सोलापूरला समुद्र नसला तरी आपल्या पायाखालची जमीनही रोज वीस-तीस सेंटीमीटरपर्यंत वर-खाली होते. मात्र ऊर्जेचा बहुतांश व्यय समुद्रात होतो. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो प्रवाळांचा पुरावा: १९६३ मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांच्या अंगावरील रोजच्या वाढीच्या बारीक रेषा मोजल्या, तेव्हा वर्षाला सुमारे ४०० भरल्या, म्हणजे तेव्हाचा दिवस २२ तासांच्या आसपास होता.

उत्तर २:
पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की तत्त्वतः होईल, पण तेवढा अवधी मिळणार नाही. चंद्र दूर जाईल तसा भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत जातो, म्हणून दोघांची पूर्ण बांधणी (दोघांनी एकमेकांना सदैव एकच बाजू दाखवणे) व्हायला सुमारे ५० अब्ज वर्षे लागतील, आणि सूर्य तर सुमारे ५ अब्ज वर्षांतच तांबडा राक्षसी तारा होईल. बटुग्रह प्लूटो आणि त्याचा उपग्रह शेरॉन यांच्यात मात्र ही बांधणी झालेली आहे, ते ६.४ दिवसांच्या फेरीत एकमेकांना कायम तीच बाजू दाखवतात.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. पुतणीच्या वहीतल्या गेल्या महिन्याच्या चित्रात कडेजवळचा काळा डाग कडेपासून बराच आत आहे, काल तो कडेला अगदी लागून दिसला. तिचे चित्र चुकले का?

उत्तर २:
चित्र बरोबर असणार. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याचा कक्षेतला वेग कमी-जास्त होतो, स्वतःभोवतीचा वेग मात्र एकसारखा राहतो, आणि त्याचा अक्षही थोडा कललेला आहे. त्यामुळे तो आपल्याला किंचित डुलताना दिसतो आणि कालांतराने त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग पाहता येतो. तिला प्रत्येक चित्राखाली तारीख आणि वेळ लिहायला सांगा.