ख्रिस्ती संस्थेची शाळा: बीएडनंतर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) हवीच का?

प्रश्न: बीएस्सी, बीएड झालंय. सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायचंय. अल्पसंख्याक शाळेला टीईटी लागते? आणि वर्गात श्रद्धेला जागा किती?

उत्तर १: द्याच. पेपर २, गणित-विज्ञान गट. खुल्या प्रवर्गाला १५० पैकी ९० गुण लागतात. टीईटीची अट आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावरच शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. सवलतीच्या भरवशावर राहू नका.

उत्तर २: श्रद्धेचं म्हणाल तर घटनेचं कलम २८(३) वाचा. अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण पालकांच्या संमतीशिवाय सक्तीचं करता येत नाही. पाठ टाचणात बायबलचं वचन ओढूनताणून आणलं की पाठाचं उद्दिष्टच हरवतं. मागे पडलेल्या मुलाला वेळ द्या, सेवा तिथेच दिसते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पेपर २ चा अर्ज भरतो.