पहिल्याच दिवशी ‘दार उघडले’, हे ठरवले कोणी?

मोहरीचा दाणा
परदेशी मिशन सहलीवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या छोट्या दौऱ्यावर, गेलेल्या एका तरुणाने काल लिहिले, की त्यांचा गट नव्या वस्तीत पोहोचताच मुले भोवती जमली, सर्वांनी मिळून गीत गायले आणि ‘पहिल्याच दिवशी प्रभूने दार उघडले’. त्याच्या श्रद्धेविषयी माझी तक्रार नाही. परंतु परकी गाडी थांबली की मुले जमतातच, ती सर्कशीच्या तंबूभोवतीही जमतात. इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले; मधली सदतीस वर्षे ते गृहस्थ मुलांच्या घोळक्यात उभे राहून फोटो काढून घेत नव्हते. दोन आठवड्यांच्या पाहुण्याने पहिल्याच संध्याकाळी निकाल जाहीर करू नये.

वल्हे
म्हणजे ज्याच्यापाशी सदतीस वर्षे नाहीत त्याने घरीच बसावे, असेच ना? थेस्सलनीका शहरात ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने यहुद्यांच्या सभास्थानात तीन शब्बाथ (साप्ताहिक विश्रामदिवस) वादविवाद केला, एवढेच बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते, आणि तरीही तेथे ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. मी स्वतः अशा दोन सहलींवर गेलो आहे. विमानतळावरून निघाल्यावर पोटात जो गोळा येतो, अनोळखी अंगणात पहिले पाऊल टाकताना हात कोठे ठेवावेत हेही जे कळत नाही, ते अनुभवल्याशिवाय आरामखुर्चीतून उपदेश करणे सोपे असते.

मोहरीचा दाणा
पौलाला ग्रीक येत होती, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. जेथे लोक आपली स्थानिक भाषा बोलू लागले त्या लुस्त्रात काय झाले, तेही त्याच पुस्तकात आहे: लोकांनी पौलाचा सोबती बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मीस हे ग्रीक देव ठरवले, बळी देण्यासाठी बैल व माळा आणल्या, आणि पुढे बाहेरून आलेल्यांनी चिथावल्यावर त्याच गावात पौलावर दगड पडले. त्या बैलांनाही कोणी ‘उघडलेले दार’ म्हटले असते.

जुना दुभाषी
आपण दोघे पौलावर भांडत आहात. दुभाष्याचे नाव मात्र कोणीच काढत नाही. मी नऊ वर्षे अशा गटांबरोबर हिंडलो. आपल्या श्रद्धेची साक्ष देणारा सलग दहा मिनिटे बोलतो, मग माझ्याकडे वळून ‘हे सांगा’ म्हणतो, जेवणाच्या वेळी मला शेवटच्या पंगतीत बसवतो आणि अहवालात ‘आम्ही लोकांशी संवाद साधला’ असे लिहितो. एकदा पोहोचल्या पोहोचल्या वस्तीतील एका वृद्धाने पहिलेच वाक्य उच्चारले: ‘हे परत केव्हा जाणार?’ सगळे हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होते. मी सांगितले, ‘आजोबा तुमचे स्वागत करत आहेत.’ ते वाक्य पुढे त्यांच्या मंडळीच्या वार्तापत्रात छापून आले.

वल्हे
मग खोटे आपण बोललात आणि दोष आमच्या माथी? आम्ही आपल्याच शब्दांवर विश्वास ठेवतो. त्यावाचून आम्हांला दुसरा मार्ग नसतो. असा दुभाषी भेटल्यावर सहल फसणारच.

जुना दुभाषी
खोटे बोललो, मान्य आहे. मात्र खरे सांगणाऱ्या दुभाष्याला पुढच्या वर्षी बोलावले जात नाही, हेही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. भाषेचे चार शब्द शिकून या, असे मी प्रत्येक गटाला लिहून कळवत असे. तंबूंचे माप कळवणारी उत्तरे तेवढी येत.

तिसरा बाक
मी यजमानांच्या बाजूची आहे. लहानपणी आमच्याकडे असा गट उतरला, तेव्हा आईने एकुलता पलंग पाहुणीला दिला आणि आम्ही चुलीशेजारी झोपलो. पहिल्या रात्री तिला काही कळले नाही. दुसऱ्या रात्री ती पाणी प्यायला उठली, आम्हांला पाहून थबकली, काहीही न बोलता पलंगावरची गादी ओढत घेऊन आली आणि आईच्या शेजारी आडवी झाली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तिने कोणती साक्ष दिली ते आईला आठवत नाही, गादी आठवते. दहा दिवसांचीच पाहुणी होती ती, मोहरीचा दाणा.

मोहरीचा दाणा
गादीपुरता मी हरलो, असे लिहून घ्या. तिने त्या गादीचा फोटो काढला नाही, एवढे माझ्याही बाजूने नोंदवा.

वल्हे
एवढ्या मोठ्या मनाबद्दल आपले आभार! पुढच्या वेळी भाषा शिकून जाईन, हे मीही मान्य करतो. पण दुभाषीबुवा, त्या आजोबांना आम्ही इतके नकोसे का झालो होतो, तेही एकदा सांगून टाका.

जुना दुभाषी
नकोसे नव्हतेच. गटाला उतरवले होते ती इमारत म्हणजे वस्तीतील एकमेव शाळा होती आणि त्यांची नात तिसरीत होती. शाळा बारा दिवस बंद राहिली. गाडीभोवती एवढी मुले भर दुपारी मोकळी कशी, हे कोणी विचारलेच नाही.