धूर, कूलर आणि चिनूचं इंजेक्शन

मनीषा बी-२०४: काल रात्री मागच्या प्लॉटवर परत कचरा पेटवला. कोणी ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. चिनू दोन वाजेपर्यंत खोकत बसला होता. तिसऱ्यांदा सांगतेय, हात जोडून 🙏

नाना ए-१०१: पालापाचोळा होता. प्लास्टिक नव्हतं.

मनीषा बी-२०४: मी नाव घेतलंच नव्हतं नाना.

पवार ए-३०१: 😂😂

नाना ए-१०१: आमी पऱ्हाट्यांच्या धुरात लहानाचे मोठे झालो. हल्लीची पोरंच नाजूक.

महाजन सी-२०२: विषय निघालाच आहे म्हणून, सी-३०२ च्या कूलरचं पाणी माझ्या गाडीवर पडतं. एप्रिलपासून सांगतोय.

बोरसे काकू: मनीषा, मृगाला हैदराबादला घेऊन जा त्याला. जिवंत मासा गिळायला देतात, दमा जातो म्हणतात.

पवार ए-३०१: काकू, तुम्ही माळकरी ना?

बोरसे काकू: गुळातूनपण देतात!!

मनीषा बी-२०४: काकू, त्याला दमा नाहीये अजून. नाक वाहतं, शिंका, डोळे लाल. डॉक्टर म्हणतात पुढे दमा होऊ शकतो, ३ वर्षं अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं घ्या. सासूबाई नाही म्हणतात. कोणी घेतलंय का?

नाना ए-१०१: नको. स्टिरॉइड असतं. सवय लागते.

डॉ. स्नेहल डी-१०३: स्टिरॉइड नाही नाना. ज्याची अ‍ॅलर्जी, तेच अगदी थोडं टोचून हळूहळू वाढवायचं, शरीराला सवय होते. १९११ पासूनची पद्धत आहे. युरोपात गवत आणि बर्च झाडाच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांना ३ वर्षं दिली. सुरुवातीला दमा नव्हता अशांपैकी १० वर्षांनी इंजेक्शनवाल्यांत चारात एकाला दमा, न घेतलेल्यांत जवळपास निम्म्यांना. पण २०१८ साली ८१२ मुलांवर गवताच्या परागांपासून केलेल्या, जिभेखाली ठेवायच्या गोळीचा अभ्यास आला, त्यात दम्याच्या निदानात फरक दिसला नाही, त्रास आणि औषधं मात्र कमी झाली. म्हणजे हमी नाही. आणि आपल्याकडे धुळीतले किडे जास्त, त्यांच्याबद्दल पुरावा अजून कच्चा. मनीषाताई, नाकासाठी घ्या, दम्याचं झालं तर बोनस.

नाना ए-१०१: मग टोचा. धुराचा प्रश्नच मिटला.

डॉ. स्नेहल डी-१०३: धुराची अ‍ॅलर्जी नसते नाना, धूर श्वासनळ्यांना सरळ झोंबतो. त्याला इंजेक्शन नाही, काडेपेटी लपवणं हाच इलाज.

पवार ए-३०१: 👏👏

डॉ. स्नेहल डी-१०३: आणि कूलर लावून खोली बंद ठेवू नका. ओल धरली की गादीतले किडे वाढतात. कूलरचं जुनं गवत बदला.

महाजन सी-२०२: बघा! कूलर वाईटच. सी-३०२ ने वाचलं का?

सी-३०२: महाजनभाऊ, तुमच्या हॉलमध्ये दोन आहेत.

महाजन सी-२०२: माझे गळत नाहीत.

मनीषा बी-२०४: स्नेहल, रिअ‍ॅक्शन येते का गं? सासूबाईंना तीच भीती.

डॉ. स्नेहल डी-१०३: बहुतेकदा हाताला सूज, खाज. क्वचित मोठी येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. घरी कोणी टोचून देतो म्हणाला तर अजिबात नाही. आधी हातावर टेस्ट, त्याआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीची गोळी बंद. डॉक्टरांना तारीख विचारा.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय. मेंटेनन्स बाकी: ११ फ्लॅट.

मनीषा बी-२०४: टेस्ट पुढच्या गुरुवारी, म्हणजे गोळी आजपासून बंद. नाक धो धो वाहणार. तेवढे दिवस तरी पेटवू नका नाना.

नाना ए-१०१: बरं. आठ दिवस नाही पेटवत. नवव्या दिवशी बोलू.