आकाशकंदिलाच्या आकाराचं मॉडेल रॉकेट, पंख न लावता सरळ जाईल का?

झिरमिळी_डॅलस: लेकीला दिवाळीसाठी कंदील-रॉकेट करायचंय. षटकोनी पोट, 15 सेंमी रुंद, 20 उंच, मधून 24 मिमी मोटरची नळी, आणि पंख अजिबात नकोत म्हणते कारण कंदिलाला पंख असतात का बाबा. ओपनरॉकेटमध्ये (रॉकेट डिझाइनचं सॉफ्टवेअर) गोल समजून टाकलं तर अस्थिर दाखवतंय, सीपी (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) सीजीच्या (वजनाचा मध्यबिंदू) पुढे. पंखांशिवाय जमेल का? आणि मोटर कुठली घेऊ, सी6 की त्याहून ताकदीची डी12?

उलटा_बाण: सॉफ्टवेअरचं चुकत नाहीये, ते अर्धंच सांगतंय. ते वापरतं ती बॅरोमनची गणितं सडपातळ, उंच रॉकेटसाठी आहेत, रुंद बुडामागे हवा जी ओढ लावते ती त्यात धरलेलीच नाही. बुटक्या रॉकेटला तीच ओढ सांभाळून घेते. त्यावर जुना जुगाड असा की डिझाइनमध्ये बुडाला शून्य वजनाचा एक खोटा शंकू जोडायचा, टोक बुडाला आणि तोंड मागे, तोंडाचा व्यास रॉकेटएवढा आणि लांबी त्याच्या 3.14 पट, म्हणजे तुमच्या केसमध्ये साधारण 47 सेंमी. मग सीपी कुठे जातो बघा. ड्रॅग, उंची वगैरेचे आकडे मात्र शंकू काढूनच बघायचे. आणि सीजी मोटर बसवून मोजा हो, रिकाम्या रॉकेटचा सीजी काही कामाचा नाही. कमी पडलं तर वरच्या टोकात क्ले भरा.

खटपट्या: शंकूबिंकू ठीक आहे पण मी असतो तर पारदर्शक प्लास्टिकचे तीन-चार पंख लावून मोकळा झालो असतो, दहा फुटांवरून दिसतसुद्धा नाहीत. पोरीला सांगायचं काच आहे म्हणून 😄

झिरमिळी_डॅलस: ती पकडेल हो. क्लेने वजन वाढेल, त्यापेक्षा मोटरच नळीत वर सरकवली तर? आणि खालच्या झिरमिळ्यांचं काय?

उलटा_बाण: मोटर वर न्या, पण तिच्या मागे नळी उरू देऊ नका. नळीच्या व्यासापेक्षा जास्त आत गेली की क्रुशनिक इफेक्ट होतो, जोर सपाट्याने पडतो आणि नळी जळते ती वेगळीच. म्हणजे नळीच आखूड कापा, पोट तिच्या मागे पसरू दे आणि आतून फॉइल लावा. झिरमिळ्या ठेवाच, त्या मागून ओढतात. दिवाळीच्या बाणाची काडी तरी दुसरं काय करते. फक्त बाहेरच्या कडेला लावा, मध्ये लोंबल्या तर पेटतील. पतंगी कागद वेगात फाटेल, पुठ्ठा वापरा.

मग उडवायच्या आधी दोरीची टेस्ट: न पेटवलेली मोटर आत, सीजीला दोरी बांधून टेप, दोन-तीन मीटर दोरीने डोक्यावर गोल फिरवा. टोक पुढे राहिलं तर बिनधास्त. नाही राहिलं तर लगेच मोडीत काढू नका, ही टेस्ट जरा कडकच आहे, थोडी क्ले वाढवून परत बघा.

नाशिकचा_पक्या: आमच्याकडे तसल्या मोटर दुकानात दिसत नाहीत, फटाक्याची दारू भरून चालेल का?

खटपट्या: नाही! हात जाईल. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट कर, आकाराचे नियम तेच. फक्त पाणी भरल्यावर सीजी मागे सरकतो तेवढं धरून चाल.

झिरमिळी_डॅलस: सगळं मिळून दीडशे ग्रॅम होईल. मोटरचं राहिलं.

उलटा_बाण: डी12-3. रॉड (उडताना रॉकेटला सरळ धरणारी दांडी) सोडताना सेकंदाला 13 मीटरच्या आसपास वेग हवा, त्याच्या आत हवा सांभाळत नाही. सी6 नावाला सरासरी 6 न्यूटनची, प्रत्यक्षात 5 च्या आसपास, दीडशे ग्रॅमला कमीच. डी12 सुरुवातीलाच 30 न्यूटनच्या आसपास झटका देते. डिले, म्हणजे मोटर संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद, 3 चाच घ्या, 5 चा नको, असला जाडा गडी मोटर संपली की लगेच थांबतो आणि पॅराशूट उघडायच्या आत डोक्यावर येतो. वारा असेल तर थांबा, सगळे 15 फूट लांब, आणि टेक्सासचं वाळकं गवत रॉडच्या खालून आधी साफ करा.

झिरमिळी_डॅलस: ओके, शंकू टाकून फाइल चढवतो रात्री. पारदर्शक पंख प्लॅन बी, तिला सांगू नका कोणी.