मदत हवी आहे: लंडनमध्ये १९४०च्या दशकातला खरा लोकरी कोट कुठे आणि कसा शोधावा?

नमस्कार.

पुण्यातील एका हौशी नाट्यसंस्थेसाठी मी गेली अकरा वर्षे वेशभूषा करते. येत्या जानेवारीत आम्ही एक नवे दोन अंकी नाटक करत आहोत. त्याची नायिका १९३८ साली शिकण्यासाठी लंडनला गेलेली आणि युद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच अडकून पडलेली एक मराठी मुलगी आहे, आणि नाटक घडते ते १९४४च्या हिवाळ्यात. ती शेवटपर्यंत पाचवारी साडीच नेसते. घराबाहेर पडताना तेवढा साडीवर लोकरी ओव्हरकोट चढवते. हा कोट जवळजवळ प्रत्येक प्रवेशात प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि दुसऱ्या अंकातला एक संपूर्ण प्रसंग तर त्या कोटासाठी तिने साठवलेल्या कूपनांभोवतीच फिरतो.

ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग १ जून १९४१ रोजी सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला ६६ कूपने मिळत आणि बायकांच्या अस्तर लावलेल्या एका लोकरी कोटापायी त्यातली १४ खर्ची पडत. पुढे कूपनांची संख्या आणखी घटली, आणि हे रेशनिंग युद्ध संपल्यानंतरही थेट मार्च १९४९ पर्यंत चालले. त्याच काळात सरकारने ‘युटिलिटी’ नावाची कपड्यांची योजना आणली. ठरवून दिलेल्या प्रतीच्या कापडाचे, ठरवून दिलेल्या किमतीचे हे कपडे विक्रीकरातून मुक्त होते आणि त्यांच्यावर ‘सीसी ४१’ हा शिक्का असे. कड्यातून एक फोड कापून घेतलेल्या दोन गोल चीजसारखा तो दिसतो, म्हणून लोक त्याला ‘चीज’च म्हणत. १९४२ मध्ये काटकसरीचे नियम आले तेव्हा बायकांच्या पोशाखाला किती बटणे, किती खिसे, किती चुण्या असाव्यात इथपर्यंत बंधने आली, आणि पुरुषांच्या पँटच्या पायाची दुमडही बंद झाली. आमच्या नायिकेचा कोट या सगळ्यातून आलेला आहे. तो चुकीचा दिसला तर दुसऱ्या अंकातल्या त्या प्रसंगाचा पायाच निघून जाईल, असे मला मनापासून वाटते.

ऑक्टोबरमध्ये मी भावाकडे हॅरोला अकरा दिवसांसाठी येत आहे. त्या मुक्कामात दोन शुक्रवार, दोन शनिवार आणि एक मंगळवार मिळतो. कोट आणि काही किरकोळ वस्तू (चहाचे दोन-तीन कप-बशा, एक केसांचा ब्रश, एक हातातली पर्स) यांसाठी संस्थेने ३५० पौंड मंजूर केले आहेत. ही रक्कम सभासदांच्या वर्गणीतून आलेली असल्यामुळे ती वाया जाऊ नये याची मला काळजी आहे.

ही काळजी विनाकारण नाही. गेल्या वर्षी मी एका परदेशी विक्रेत्याकडून ‘१९४०च्या दशकातला’ असे स्पष्ट लिहिलेला एक कोट ऑनलाइन मागवला. तो आला तेव्हा आतल्या खिशाला नायलॉनची चेन होती आणि अस्तराच्या शिवणीत धुण्याच्या खुणा छापलेली छोटी पट्टी होती. या दोन्ही गोष्टी १९६०च्या आसपास आणि त्यानंतरच प्रचारात आल्या, हे मला नंतर वाचून कळले. पैसे परत मिळाले नाहीत. पुण्यातल्या जुन्या बाजारात मी बुधवार-रविवार हिंडलेली आहे, पितळ आणि लाकूड मला हाताला कळते. पण विलायती जुन्या कपड्याची पारख मला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. युद्धकाळातला कोट मिळण्याची खरी शक्यता लंडनच्या कोणत्या बाजारात आहे, आणि तिथे कोणत्या दिवशी, किती वाजता जावे? हातात घेतल्यावर तो त्या काळचा आहे हे ओळखण्यासाठी काय पाहावे? लोकरीचा जुना कपडा कसर न लागू देता पुण्यापर्यंत कसा आणावा?

आणि चौथा प्रश्न, जो मला सर्वांत अवघड वाटतो: असा ऐंशी वर्षांचा कोट मुळात रंगमंचावर वापरावा का? आमच्या नायिकेने तालमीत कृत्रिम धाग्याचा एक हलका कोट घातला होता, आणि तो घालून ती अगदी भुरभुर चालत होती. जाड लोकरीचे ओझे खांद्यावर आले की माणसाची चाल बदलते, जिना चढताना हात कठड्याकडे जातो, बसताना आधी कोट सावरावा लागतो. ते वजन मला हवे आहे, आणि खरा कोट हवा असण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे. दुकानाची नावे न सांगता केवळ बाजार आणि पारख यांविषयी लिहिलेत तरी चालेल.

प्रतिसाद १ (लंडनहून)

ताई, मी इथे सोळा वर्षे राहते आणि जुने कपडे हा माझा छंद आहे, म्हणून बाजारांविषयी खात्रीने सांगू शकते.

पोर्टोबेलो रोडचा मोठा बाजार शनिवारी असतो हे सगळ्यांना ठाऊक असते. पण नॉटिंग हिल गेट स्टेशनकडून उतरताना लागणारा भाग मुख्यतः चांदी, चिनी माती आणि दागिन्यांचा आहे. कपडे त्याच रस्त्याच्या खालच्या टोकाला, वेस्टवे या उड्डाणमार्गाखाली मिळतात, आणि तिथे शनिवारपेक्षा शुक्रवारी सकाळी जावे. शुक्रवारी गर्दी कमी असते आणि नाटक-चित्रपटांच्या वेशभूषेची माणसेही तेव्हाच येतात. बर्मंडसी स्क्वेअरचा बाजारसुद्धा शुक्रवारचाच, पहाटे सहापासून. तुम्हाला दोन शुक्रवार आहेत, तेव्हा एक इकडे आणि एक तिकडे द्या. कप-बशांसाठी बर्मंडसी चांगला.

मेरिलबोनमधल्या चर्च स्ट्रीटवर आल्फीज नावाची जुन्या वस्तूंची चार मजली इमारत आहे. ती रविवार-सोमवार बंद असते. पाऊस असेल त्या दिवशी तिथे जा, कारण तिथे सावकाश बघता येते आणि विक्रेते आपापल्या विषयातले जाणकार आहेत. महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी केम्प्टन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पहाटे साडेसहाला मोठा बाजार भरतो. तुमचा मंगळवार त्यात बसत असेल तर वॉटरलूहून रेल्वेने जा, किमती शहरापेक्षा कमी असतात. ब्रिक लेनला मात्र वेळ घालवू नका. तिथला बहुतेक माल १९७० ते १९९०च्या दशकांतला आहे. आपल्या कामाचा नाही.

पारखीविषयी: शिक्का पाहून हुरळून जाऊ नका. युद्धकाळाचे पोशाख घालून प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी ‘सीसी ४१’च्या नव्या पट्ट्याही छापल्या जातात, आणि अशी पट्टी कोणत्याही कोटाला शिवता येते. पट्टीचा दोरा आणि भोवतालचा दोरा एकाच वयाचे दिसतात का, पट्टीखालचे अस्तर बाजूच्या अस्तराइतकेच विटले आहे का, हे पाहा. शिक्का १९५२ पर्यंत वापरात होता, त्यामुळे खरा शिक्का असलेला कोटही युद्धानंतरचा असू शकतो. म्हणून घाट बघा. १९४४चा कोट खांद्यात चौकोनी आणि लांबीला गुडघ्याच्या आसपास असतो. कमरेत आवळलेला आणि खाली घेरदार कोट हाती आला तर तो १९४७ नंतरच्या फॅशनचा समजावा.

तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट साडीची आहे. त्या काळच्या बंद घाटाच्या कोटात डाव्या खांद्यावरचा पदर मावत नाही, काखेत गोळा होतो. ‘स्वॅगर’ म्हणून एक कोट मिळतो, जो खांद्यापासून सैल सुटलेला असतो. १९३०च्या उत्तरार्धापासून तो चालत होता, आणि साडीवर तोच नीट बसेल. बाजारात जाताना पिशवीत साडी नेऊ नका, नेसूनच जा! आरशापुढे पाच मिनिटे उभे राहिलात तर हा प्रश्न तिथल्या तिथे सुटेल. शिवाय लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. तिथल्या जुन्या कुटुंबांमध्ये साडीवर कोट घातलेल्या आजींचे फोटो असण्याची शक्यता आहे, तेव्हा आधी पत्र लिहून विचारा.

प्रतिसाद २ (मुंबईहून)

मी जुन्या वस्त्रांच्या जतनाचे काम करतो, म्हणून फक्त तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाविषयी लिहितो.

कोट विकत घेतल्यावर कॉलरच्या खालची बाजू, खिशांची टोके आणि काखेतली शिवण उजेडात पाहा. कसरीच्या अळ्या अंधाऱ्या, न हललेल्या जागी असतात. बारीक भोके जुनी असतील तर हरकत नाही. वाळूसारखे कण किंवा रेशमी जाळी दिसली तर तो कोट घेऊ नका. घेतलेला कोट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि भावाच्या घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवा. पूर्ण दोन आठवडे ठेवायला हवा. तुमच्याकडे तेवढे दिवस नसल्यामुळे पिशवी न उघडता आणा आणि पुण्यात पुन्हा पूर्ण दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव धरते. नंतर कपाटात वेखंड ठेवणे चांगले, पण त्याने आधीच असलेली अळी मरत नाही. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. घालणाऱ्याला त्यांचा त्रास होतो.

ब्रशविषयी एक सूचना. जुन्या ब्रशांच्या आणि सुऱ्यांच्या मुठी कित्येकदा हस्तिदंताच्या असतात, कंगवे कासवाच्या कवचाचे असतात. ब्रिटनचा हस्तिदंतबंदीचा कायदा जून २०२२ पासून लागू आहे आणि भारतात आणताना तर मोठीच अडचण होईल. लाकडी मुठीचा ब्रश घ्या. फर लावलेली कॉलरही टाळा.

आता तुमचा चौथा प्रश्न. लोकर टिकते, अस्तर आणि दोरा टिकत नाहीत. त्या काळची अस्तरे बहुधा रेयॉनची असत, आणि घाम लागलेले रेयॉन ओले असताना फारच दुबळे होते. नटीने कोट घालताना हात बाहीत ज्या वेगाने घालावा लागतो तेवढ्यानेही काखेतले अस्तर फाटेल. मग तुम्ही ते बदलाल, नंतर पदरासाठी खांदा उसवाल, आणि जानेवारीच्या शेवटी तुमच्या हाती जो उरेल तो ना जुना कोट असेल ना नवा. माझे मत असे आहे की खरा कोट विकत घ्यावा, त्यावरून कागदी पॅटर्न काढावा आणि प्रयोगासाठी त्याच वजनाच्या कापडाची प्रत शिवावी. शेफर्ड्स बुशजवळच्या गोल्डहॉक रोडवर कापडाची दुकाने ओळीने आहेत, जाड लोकरी कापड तिथे पाहा. नाहीतर लुधियाना-अमृतसरकडचे मागवा.

विकत घेण्याआधी एक दिवस व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी ठेवा. युटिलिटी योजनेचे १९४२ मधले नमुने ब्रिटिश सरकारच्या व्यापार खात्याने या संग्रहालयाला दिले होते. त्यांच्या पूर्व लंडनमधल्या भांडारात २०२५ पासून कोणालाही आगाऊ नोंदणी करून संग्रहातली वस्तू प्रत्यक्ष पाहता येते. ऑनलाइन सूचीत शोधून दोन आठवडे आधी मागणी नोंदवा. शिवण आतून कशी घातली आहे हे एकदा पाहिलेत की बाजारात फसणार नाही.

प्रतिसाद १ (लंडनहून)

दादांच्या म्हणण्यातला बराचसा भाग मान्य आहे, पण एक गोष्ट लिहावीशी वाटते. युटिलिटीचे कोट हे संग्रहालयातले एकमेव नमुने नव्हेत. ते लाखोंनी शिवले गेले आणि रोज घालण्यासाठीच शिवले गेले. शिक्का नसलेला, अस्तर गेलेला पण लोकर शाबूत असलेला कोट स्वस्तात मिळाला, तर तालमीत तो नटीच्या अंगावर घालायला काहीच हरकत नाही असे मला वाटते. घासाघीस पुण्यासारखी करू नका. दोन वस्तू एकत्र घेऊन ‘सगळ्यात कमी किती घ्याल’ असे शांतपणे विचारा आणि रोख रक्कम जवळ ठेवा. पर्यटकांना मिळणारा करपरतावा इथे २०२१ पासून बंद झाला आहे, तेव्हा तो हिशेबात धरू नका.

धागाकर्ती

दोघांचे मनःपूर्वक आभार. काल संस्थेच्या बैठकीत हे प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवले आणि आमचे असे ठरले आहे की शिक्क्याचा हट्ट सोडून सैल खांद्याचा, साडीवर बसणारा आणि लोकर शाबूत असलेला एक कोट घ्यावा. अस्तर सुती लावून तो फक्त तालमीत वापरू, म्हणजे नटीच्या चालीला ते वजन सवयीचे होईल. प्रयोगाचा कोट आमचे शिंपीकाका त्यावरून बेततील. संग्रहालयाच्या भांडारासाठी मागणी आजच नोंदवली. पहिला शुक्रवार वेस्टवेखाली, दुसरा बर्मंडसीला, आणि दोन्ही दिवशी साडी नेसूनच.

कप-बशांविषयी मला थोडे वाचायला मिळाले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिते. १९४२ पासून ब्रिटनमधल्या घरगुती विक्रीसाठी फक्त बिननक्षीची भांडी बनत होती आणि नक्षीची निर्यातीसाठी राखलेली होती. त्यामुळे आमच्या घरमालकिणीच्या टेबलावर एक जुनी, युद्धाआधीची फुलांची बशी आणि तिच्यावर जोडीत न बसणारा साधा पांढरा कप असेल.

आता एकच शंका उरली आहे. प्रत शिवताना बटणे त्या काळची लावावीत अशी इच्छा आहे, कारण पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला ती नक्की दिसतात. सहा मोठी, एकसारखी, कोटाची बटणे सुटी मिळतात का, की त्यासाठी फाटका कोट विकत घेऊन त्याची बटणे काढावी लागतात?