हायलक्सला मागे एअरबॅगा: टोइंग आणि कच्चा रस्ता, दोन्ही जमेल का?

रानवाट (पर्थ)
मंडळी, सल्ला हवाय. 2021 ची टोयोटा हायलक्स पिकअप, डबल कॅब, मागच्या चाकांवर पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). जुलैत सहकुटुंब ऑस्ट्रेलियाच्या वायव्येतल्या गिब रिव्हर रोडला निघतोय, डर्बीहून कुनुनराकडे. साधारण 660 किलोमीटर, बराचसा कच्चा. मागे दोन टनी कॅम्पर ट्रेलर. परवा सगळं सामान भरून ट्रेलर जोडला तर गाडी मागून बसली आणि नाक वर. हेडलाइट थेट समोरच्यांच्या छपरावर. बायको म्हणाली, "उडणारे का ही?"

टेप लावून मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मागे 55 सेंटीमीटर होते ते 48 झाले, पुढे 52 चे साडेत्रेपन्न. दुकानदार म्हणतो एअरबॅगा टाका, म्हणजे मागच्या ॲक्सलवर हवेच्या उशा, अर्ध्या दिवसाचं काम. हवा किती ठेवू? कुणी कच्च्यावर वापरल्यात का?

पाटेबदलू (ब्रिस्बेन)
हवेचं नंतर. आधी काट्यावर जाऊन या. ट्रेलर सोडून गाडीचं वजन, माणसं आत बसवून, टाकी फुल करून. मग बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, किती येतंय ते वेगळं; तेही गाडीच्याच वजनात धरायचं. तुमच्या गाडीचा जीव्हीएम, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल परवानगीचं वजन, 3,050 किलो असणार, दाराजवळची पाटी बघून खात्री करा. बॅगा टाकल्या म्हणून त्यात एका किलोची भर पडत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

उसाची_ट्रॉली (मूळ सांगली, आता ॲडलेड)
काटा म्हटलं की आम्हाला कारखानाच आठवतो :) पण रानवाटदादा, ट्रेलर कसा भरलाय ते आधी सांगा. आमचे आजोबा बैलगाडी भरताना एकच बघायचे, गाडी उलाळ होता कामा नये. मागं वजन जास्त झालं की जू वर उचलतं. इथंही तेच. ट्रेलर थोडा धुरजड, म्हणजे पुढून जडच पाहिजे, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास बॉलवर. नाक वर जातंय म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलू नका. गाडी सपाट दिसेल, पण शंभरच्या वेगाला ट्रेलर शेपटी हलवायला लागला की घाम फुटतो.

रानवाट
आज काट्यावर जाऊन आलो. गाडी 2,905. ट्रेलर 1,960, बॉलवर 190. म्हणजे 3,095. पंचेचाळीस किलो जास्त! आणि मी बॅगांचा रंग निवडत बसलो होतो.

पाटेबदलू
बरं झालं आत्ताच कळलं. आता अजून एक हिशोब. बॉल मागच्या ॲक्सलच्या साधारण सव्वा मीटर मागे आहे असं धरू. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 3,085 मिलिमीटर. 190 गुणिले 1.25 भागिले 3.085, आले 77. तेवढं वजन पुढच्या चाकांवरून उचललं जातं आणि मागे 190 ऐवजी 267 पडतं. सीसॉच आहे तो. तुमचं नाक दीड सेंटीमीटर वर गेलं ते यामुळे. बॅगेत हवा भरली की बूड उठेल, हेडलाइट खाली येतील, पण ते 77 किलो काही पुढच्या चाकांवर परत येत नाहीत.

आता कच्च्याबद्दल, आणि हे स्वतः भोगलेलं. पाटे आपलं वजन चासीला दोन ठिकाणी देतात, पुढच्या खुंटीला आणि मागच्या शॅकलला (झुलत्या कडीला). बॅग बसते बरोबर मध्ये, ॲक्सलच्या डोक्यावर. फुगवून टाइट केली की भार त्या एका जागी येतो आणि मागे लोंबणारं सगळं वजन तिथून चासी खाली ओढतं. माझ्या आधीच्या यूटला, म्हणजे पिकअपला, मी 70 पीएसआय भरून पत्र्याच्या वळ्यांसारख्या रस्त्यावर 400 किलोमीटर हाणली. कॅब आणि हौद्यामधली फट वरच्या बाजूला बोटभर रुंद झाली तेव्हा कळलं, चासी वाकली. विमावाल्यांनी वजन विचारलं, मी गप्प.

डेन्व्हरची_भैरवी
इथे कोलोरॅडोत माझ्या टॅकोमा पिकअपवर चार वर्षं बॅगा आहेत, शेजारच्या युटातल्या मोॲबला कच्च्या वाटांवर दरवर्षी जातो. बॅगा वाईट नाहीत, जास्त हवा वाईट. माझ्या किटला किमान 5 आणि कमाल 100 पीएसआय आहे. डांबरावर ट्रेलर असताना 30 च्या आसपास, कच्च्यावर 12 ते 15, रिकामी असताना 5. अगदी शून्य नको, रबर स्वतःच्याच घडीत चिमटतं. बसलेली उंची निम्म्याहून थोडी जास्त परत आली की मी थांबते, पूर्ण सपाट करायच्या नादी लागत नाही.

दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा, दोन व्हॉल्व्ह. मेकॅनिक टी-जोड लावून एकच नळी करायला बघतो. मग वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी जास्त कलते. नळी कापताना कात्री नको, नवं ब्लेड घ्या, काप काटकोनात हवा. सायलेन्सरपासून लांब बांधा. मग साबणाचं पाणी. माझ्या डाव्या फिटिंगला मोहरीएवढा एकच बुडबुडा यायचा, तेवढ्याने रात्रभरात बॅग बसायची. आणि उठसूट गेज लावू नका, बॅग एवढीशी असते, मोजण्यातच दोनतीन पीएसआय जातात.

गाडी लिफ्ट, म्हणजे उंच, केलीय का? असेल तर चाक लोंबल्यावर बॅग ताणून फाटू शकते. स्पेसर लागेल, किंवा खालून सुटी राहणारी बैठक.

रानवाट
लिफ्ट नाही ताई. पण हौद्यात मागच्या फळीला लागून लोखंडी टूलबॉक्स आहे, 62 किलो! त्यात सासऱ्यांनी दिलेला पान्ह्यांचा सेट, जो मी एकदाही उघडलेला नाही. तो घरी. 3,033 झाले. फ्रिज कॅबला चिकटवून ठेवला. बॅगांशिवायच मागे 49.5 भरतंय.

पाटेबदलू, मग बॅगाच घेऊ की जड पाटे?

पाटेबदलू
वर्षातून दोनदा ट्रेलर, बाकी ऑफिस असेल तर बॅगा घ्या, भैरवीताईंच्या आकड्यांवर चालवा. वर्षभर लादूनच फिरणार असाल तर जीव्हीएम अपग्रेडचे पाटे आणि शॉकअप, प्रमाणपत्रासकट. खर्च बराच जास्त, पण कागदावर वजन वाढतं. आणि शॉकअप आत्ताच तपासा, वळ्यांवर तेच आधी तापून मरतात.

उसाची_ट्रॉली
पान्ह्यांचा सेट घरी ठेवल्याचं सासऱ्यांना सांगितलंत का?

रानवाट
ते पण येतायत. 84 किलो. परत काट्यावर जातो.